एव्ही रिसीव्हर घेताना आणि लावताना या चुका टाळा

एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि इतर उपकरणांचा आवाज घेऊन घरातल्या अनेक स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर. दोन रिसीव्हरची तुलना करताना नजर आधी वॅटवर जाते आणि गफलत तिथेच होते. एका खोक्यावर १५० वॅट, दुसऱ्यावर ८०. खालची बारीक अक्षरं वाचा. १५० हा आकडा बहुतेक वेळा एकच चॅनल (एका स्पीकरचा मार्ग) चालू ठेवून, ६ ओहमच्या स्पीकरवर, १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) चालवून घेऊन काढलेला असतो. ८०चा दोन चॅनलवर, ८ ओहमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.०८ टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असेल, तर मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. स्पीकर घेताना ८५ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारे) घेतले, तर तेवढाच फरक त्याच रिसीव्हरवर मिळतो.

‘७.२’ (सात चॅनल, सबवूफरचे दोन आउटपुट) पाहून सात स्पीकर अधिक ॲटमॉस, म्हणजे वरून आवाज देणारे स्पीकर, असं गणित मांडू नका. वरचे दोन लावले की खाली पाचच उरतात. स्वस्त मॉडेलांत सबवूफरचे दोन आउटपुटही बहुधा एकच सिग्नल देतात.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला रिसीव्हर आणायला सांगणं तर टाळाच. तिथलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. थेट लावलं तर गेलंच.

आता जोडणी. टीव्हीचा आवाज रिसीव्हरमधून येत नसेल, तर एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे का बघा आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना नियंत्रित करण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘ॲनीनेट प्लस’, एलजीत ‘सिंपलिंक’ या नावाने सापडेल. आवाज येतो पण फक्त स्टीरिओ? मग टीव्हीचा डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (इथे साध्या दोन चॅनलच्या आवाजावर) अडकलेला असतो, तो ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. फक्त ओटीटीच पाहणार असाल तर ईएआरसीसाठी (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) टीव्ही बदलण्याची घाई नको. टीव्ही फार जुना नसेल तर ओटीटीवरचा ॲटमॉस साध्या एआरसीतूनही जातो.

ऑटो-कॅलिब्रेशन करताना, म्हणजे रिसीव्हर माइकने खोलीतला आवाज मोजून स्पीकर आपोआप जुळवतो तेव्हा, पंखा बंद हवा. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा. त्यानंतर स्पीकरचा मेनू उघडून बघाच. छोटे बुकशेल्फ स्पीकरही कधीकधी ‘लार्ज’ ठरवले जातात, मग खालचा बेस सबवूफरला न जाता त्यांच्यावर पडतो आणि आवाज फाटतो. ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरला जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा. संवाद तरीही पुटपुटल्यासारखे वाटले तर सेंटर (मधला, संवादांचा स्पीकर) २-३ डेसिबलने वाढवा.

रिसीव्हर सुरू होताच बंद पडून लाल दिवा लुकलुकतोय? घाबरू नका, आधी प्लग काढा. स्पीकरच्या वायरीची तांब्याची एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी हे होतं. सगळ्या वायरी काढून नुसता रिसीव्हर चालू करा. टिकला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा स्पीकरमध्ये. तारा नीट पिळून, प्लग काढलेला असतानाच एकेक स्पीकर जोडा आणि प्रत्येक वेळी चालू करून पाहा. अर्ध्या तासाने बंद पडत असेल तर बहुधा उष्णतेचा मामला असतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा आणि वर चार-पाच इंच जागा मोकळी सोडा. नुसता रिसीव्हरही टिकत नसेल तर झाकण उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.