मीठ, ओल आणि स्टील: कोकणातल्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

"स्टीलच तर आहे, त्याला काय होतंय!" या भरवशावर जितकी भांडी खराब होतात, तितकी वापराने होत नाहीत. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून धातूवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. तो ओरखडला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. या थराचं वैर आहे ते मिठातल्या क्लोराइडशी. आणि आपल्याकडे मीठ कुठे नाही? खाऱ्या वाऱ्यात आहे, किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात त्या पाण्यात आहे, आगळात म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात आहे, सुक्या बांगड्यात तर आहेच.

गार पाण्यात मीठ टाकणं

आधण ठेवतानाच मूठभर मीठ टाकायची सवय बहुतेक घरांत असते. न विरघळलेले खडे तळाशी बसतात, तिथलं पाणी भलतंच खारट होतं आणि थर नेमका तिथेच फुटतो. मग तळाला बारीक टिंबं पडतात. ही घासून जात नाहीत, कारण तो डाग नसतो, खड्डा असतो. अन्नाला त्याने अपाय नाही, भांडं वापरायला हरकत नाही. पण नवीन टोप असा व्हायला नको असेल तर पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि लगेच ढवळा.

आगळ, लोणचं, खारवलेलं काहीही स्टीलमध्ये साठवणं

ही खास आपल्याकडची चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. आगळ म्हणजे आंबट आणि खारट दोन्ही एकदम, तेही दिवसेंदिवस एकाच जागी. मे महिन्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, गडबड असते, हाताला येईल ते मोठं पातेलं घेतलं जातं आणि सोलं मीठ लावून त्यातच राहतात. पावसाळ्यात बघावं तर आतल्या बाजूला, रस जिथपर्यंत होता त्या रेषेवर, गंजाचे ठिपके. आगळाला काचेची बाटली किंवा चिनी मातीची बरणीच हवी. सोलकढी करून त्याच दिवशी संपवत असाल तर स्टीलचं भांडं चालतं. बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं हे मान्य, पण रात्री ते मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून ठेवा.

स्वस्त स्टीलवर हे सगळं लवकर दिसतं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगेनीज घालतात. ते तितकंच चकाकतं, पण खाऱ्या हवेत लवकर हार मानतं. बाजारात लोहचुंबक लावून पारख करणारे भेटतात. त्यावर विसंबू नका. ही दोन्ही स्टीलं चुंबकाला सहसा चिकटत नाहीत, आणि इंडक्शनच्या भांड्याचा तळ मुद्दामच चुंबक धरणाऱ्या स्टीलचा असतो. त्यापेक्षा आयएसआयची खूण आणि आयएस १४७५६ हा क्रमांक पाहा.

जोर लावून घासणं

लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक तुकडे ओरखड्यांत अडकतात आणि तेच गंजतात. आपण म्हणतो, स्टीलला गंज चढला. पुळणीची वाळू तर नकोच, ती स्टीलपेक्षा कठीण असते. नारळाची किशी आणि चाळलेली राख अजूनही उत्तम.

करपलं असेल तर पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर लाकडी उलथन्याने काढा. पांढरे डाग क्षारांचे आणि निळे-जांभळे पट्टे जास्त आचेचे. दोन्हींना व्हिनेगर किंवा लिंबू पुरतं, नंतर धुऊन पुसायचं. ब्लीचमध्ये मात्र भांडी भिजवू नका, त्यातही क्लोरीनच. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तळ वाकतो.

मासा चिकटतो ही तक्रार नेहमीची. तवा पुरता तापलेला नसतो, हे कारण. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुरचुरून आटला तर थांबा. मोत्यासारखा घरंगळला की आच थोडी कमी करून तेल घाला, मग रव्यात घोळवलेली तुकडी सोडा. ती स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

सुरी आणि विळी

सुरीचं स्टील भांड्याच्या स्टीलपेक्षा लवकर गंजतं. धार टिकावी म्हणून त्यात कार्बन जास्त असतो, आणि निकेल बहुधा नसतंच. म्हणून मासे साफ करून सुरी सिंकमध्ये टाकून जेवायला बसू नये. लगेच धुवा, पुसा, कोरडी ठेवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापू नका, धार दुमडते; लाकडी फळी घ्या. सुरमईचं डोकं फोडायला कोयता असतो, पातळ सुरी नव्हे. खवलंही धारेने काढू नका, पात्याच्या पाठीने काढा.

लोहाराकडची विळी वेगळी. ती काळपट पडली तर खराब झाली असं नाही, तो काळेपणा तिला थोडं राखतोच. लाल दिसलं की मात्र गंज: चिंचेने किंवा आमसुलाने चोळा, लगेच धुऊन कोरडी करा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. खोवणीच्या दात्यांतही तेल जाऊ द्या. केळफूल, कच्चं केळं, नीरफणस लोखंडी पात्यावर काळं पडतं. त्यांना स्टीलची सुरी घ्या. फणसाला हात लावण्याआधी पात्याला आणि हाताला तेल लावा, आणि राहिलेला चीकही तेलानेच पुसा.

धार घरी लावायची तर पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरा, दोन्ही बाजूंना सारखंच. चाकावर लावून घेताना पातं तापू देऊ नका, मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. काठ निळसर झाला म्हणजे पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, उतरला. मग ते कितीही घासा, धार टिकत नाही.

पावसाळ्यात सुऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओल आतच राहते. विळीचं पातं पाटात बसतं त्या खाचेत पाणी मुरतं, गंज तिथूनच सुरू होतो. तेवढी जागा चिंधीने पुसून विळी चुलीजवळच्या किंवा गॅसजवळच्या कोरड्या कोपऱ्यात, पातं मिटवून किंवा आडवी करून ठेवा.