माहितीपट तयार झाला, प्रेक्षक कुठे आहेत? प्रसाराच्या या चुका टाळा

स्वतंत्र माहितीपटांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. चित्रीकरण आणि संकलन यांत काही वर्षे जातात, एखाद्या महोत्सवात निवड होते, तिथे भरभरून दाद मिळते, आणि पुढच्या सहा महिन्यांत चित्रपटाचे नाव घेणारे कुणी उरत नाही. अशा वेळी निर्माते ‘माहितीपटाला प्रेक्षकच नाही’ असे म्हणून मोकळे होतात. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. प्रेक्षक असतो, पण तो नेमका कोण, तो कुठे भेटेल आणि त्याच्यापर्यंत चित्रपट नेण्याचा हक्क आपल्या हातात आहे का, हे प्रश्न चित्रपट पूर्ण होईपर्यंत कुणी विचारलेलेच नसतात. पुढे मांडलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उशिरात आहे.

विवेचन सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ: मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांवरचा ८० मिनिटांचा माहितीपट.

‘सर्वसामान्य प्रेक्षक’ असे लिहून ठेवणे

प्रसाराच्या आराखड्यात अपेक्षित प्रेक्षकवर्गापुढे ‘सर्वसामान्य जनता’ असे लिहिले असेल, तर पुढचे काम सुरू होण्याआधीच अडलेले असते. त्या शब्दांवरून फोन कुणाला करायचा, पत्र कुणाला लिहायचे, पडद्यासाठी सभागृह कुठे शोधायचे, यांतले काहीच ठरत नाही. आपल्या उदाहरणात पहिला वर्ग परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या शिक्षकांचा आहे, दुसरा परिचारिकांच्या संघटनांचा, तिसरा रुग्णालयांच्या प्रशासकांचा, आणि चौथा ज्यांच्या घरातले कुणी दीर्घकाळ रुग्णालयात होते अशा कुटुंबांचा. प्रत्येक वर्गासाठी तो कुठे एकत्र येतो, चित्रपट दाखवण्याचा निर्णय कोण घेतो आणि त्याच्याकडे वेळ किती असतो, हे लिहून काढावे. मग ध्यानात येते की तासाभराच्या तासिकेत ८० मिनिटांचा चित्रपट बसत नाही. ५२ मिनिटांची आवृत्ती केली, तर ती वर्गातही चालते आणि दूरचित्रवाणीच्या एक तासाच्या वेळेतही बसते, कारण अनेक वाहिन्यांची मागणी नेमकी तेवढ्याच लांबीची असते. मात्र हा निर्णय संकलन चालू असतानाच घ्यायला हवा. वर्षभरानंतर संकलकाला पुन्हा बोलावून कापाकापी करणे महागात पडते आणि चित्रपटालाही मारक ठरते.

याच टप्प्यावर चित्रपटाची एका वाक्यातली ओळख, म्हणजे लॉगलाइन, तपासावी. ‘आरोग्यव्यवस्थेतील अदृश्य नायिकांचा हृदयस्पर्शी प्रवास’ हे वाक्य शेकडो चित्रपटांना चिकटवता येईल, म्हणून ते या चित्रपटाच्या कामाचे नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘चाळीस खाटांच्या विभागात रात्री एकटीच काम करणारी परिचारिका राजीनामा देते, पण नोटिशीचा महिना संपेपर्यंत तिला रोज रात्री त्याच विभागात उभे राहायचे आहे.’ इथे व्यक्ती आहे, जागा आहे, मुदत आहे आणि पुढे काय होईल ही उत्सुकताही आहे. निवड समितीतल्या व्यक्तीला दिवसभरात अशी ढीगभर वाक्ये वाचायची असतात; तिचे लक्ष विशेषणांकडे जात नाही, ते घडणाऱ्या गोष्टीकडे जाते.

महोत्सवांना सरसकट अर्ज करणे

अनेक महोत्सवांतून कारण न देता नकार येत असतील, तर आधी चित्रपटाची उपलब्धता तपासावी. मोठ्या महोत्सवांच्या प्रमुख स्पर्धा विभागांत जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय प्रीमियरची, म्हणजे जगात किंवा मायदेशाबाहेर पहिलाच खेळ तिथे होण्याची, अट बहुधा असते. संपूर्ण चित्रपट यूट्यूबवर सर्वांसाठी खुला ठेवला असेल, किंवा एखाद्या लहान महोत्सवात घाईने दाखवून टाकला असेल, तर ही पात्रता गेलेली असते आणि ती परत मिळत नाही. अॅमस्टरडॅमचा इडफा (स्थापना १९८८), टोरांटोचा हॉट डॉक्स (१९९३) किंवा शेफील्डचा डॉकफेस्ट (१९९४) यांसारख्या केवळ माहितीपटांना वाहिलेल्या महोत्सवांकडे जायचे असेल, तर आधी त्यांचे त्या वर्षीचे नियम वाचावेत, मग अर्जांचा क्रम ठरवावा, आणि उत्तर येईपर्यंत चित्रपट फक्त पासवर्ड असलेल्या दुव्यावर ठेवावा.

दुसरे कारण लांबीचे असते. ऑस्करच्या नियमांनुसार ४० मिनिटांपर्यंतचा माहितीपट लघुपट गणला जातो आणि त्याहून मोठा पूर्ण लांबीचा. त्यामुळे ४३ मिनिटांचा चित्रपट दोन्हीकडून अडचणीत येतो: लघुपटांच्या गटात तो नियमाने बसत नाही, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटांसमोर कार्यक्रम आखणाऱ्यांना तो अपुरा वाटतो. चार मिनिटे कमी करणे शक्य असेल, तर ती करावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

विषयाला वाहिलेले छोटे महोत्सव आणि व्यावसायिक परिषदा यांना कमी लेखू नये. परिचारिकांच्या वार्षिक परिषदेत झालेल्या एका खेळातून पुढचे दहा खेळ ठरू शकतात; प्रतिष्ठित महोत्सवातल्या दुपारच्या खेळातून ते ठरतीलच असे नाही.

हक्कांचे काम शेवटावर ढकलणे

सर्वांत जास्त माहितीपट इथे अडकतात, आणि ही अडचण बाहेरून दिसत नाही. वाहिनी उत्सुकता दाखवते, पत्रव्यवहार सुरू होतो, आणि हक्कांची कागदपत्रे मागितल्यावर सगळे थंडावते. कारण तपासले की कळते, संगीताचा परवाना फक्त महोत्सवांपुरता घेतला होता, जुन्या बातमीपटातल्या दोन मिनिटांचा परवाना एकाच देशापुरता होता, आणि एका महत्त्वाच्या मुलाखतीचे संमतिपत्र सापडतच नाही. महोत्सवापुरता परवाना स्वस्त मिळतो म्हणून तो घेतला जातो, आणि त्यात स्वतःत काही गैर नाही. चूक होते ती पुढच्या परवान्याची रक्कम त्याच वेळी न ठरवण्यात. पहिल्याच करारात ‘दूरचित्रवाणीसाठी इतके, सर्व माध्यमांसाठी जगभर इतके, आणि ही रक्कम अमुक वर्षांपर्यंत कायम’ असे कलम घालून घ्यावे. चित्रपट नावारूपाला आल्यानंतर त्याच गाण्यासाठी बोलणी करायला गेलो, तर आपली बाजू कमकुवत झालेली असते.

वॉर्डातल्या रेडिओवर मागे वाजणारे गाणेही लक्षात घ्यावे. ते चित्रीकरणात आपोआप आले म्हणून आपोआप मोकळे होत नाही. कायद्यातील सवलती देशागणिक वेगळ्या असतात आणि प्रसारक जोखीम घ्यायला सहसा तयार नसतो. शक्य असेल तिथे चित्रीकरणाच्या वेळीच रेडिओ बंद करण्याची विनंती करावी. संकलन सुरू झाल्या दिवसापासून एक तक्ता ठेवावा: चित्रफीत किंवा संगीत कोणते, किती सेकंद वापरले, मालक कोण, कोणत्या देशांसाठी, कोणत्या माध्यमांसाठी, किती मुदतीसाठी, किती रक्कम. हा एक कागद तयार असेल, तर वाहिनीच्या विधी विभागाचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

सगळे हक्क एकाच सहीत देऊन टाकणे

पहिला वितरक भेटला की होणारा आनंद समजण्यासारखा आहे. पण जगभरातील सर्व माध्यमांचे एकाधिकार दीर्घ मुदतीसाठी देऊन टाकले आणि वितरकाने चित्रपट त्याच्या यादीत नुसता ठेवून दिला, तर परिचर्या महाविद्यालयाने मागितलेला खेळसुद्धा आपल्याला परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून हक्क विभागून द्यावेत: दूरचित्रवाणीचे एकाला, ओटीटीचे दुसऱ्याला, शैक्षणिक संस्थांचे त्या क्षेत्रात खरोखर काम करणाऱ्याला, आणि सामुदायिक खेळांचे हक्क शक्यतो स्वतःकडे. करारात मुदत, प्रदेश, वितरकाच्या वजा होणाऱ्या खर्चावर कमाल मर्यादा, हिशेब देण्याच्या तारखा आणि ठरलेल्या काळात विक्री न झाल्यास हक्क परत मिळण्याचे कलम, या पाच गोष्टी नेमकेपणाने लिहिलेल्या असाव्यात. खर्चावर मर्यादा नसेल, तर उत्पन्न कागदावर दिसते आणि हातात येत नाही.

सामुदायिक खेळ म्हणजे फुकटचे खेळ, असा समज इथे आड येतो. २००९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या हवामानबदलावरील ब्रिटिश चित्रपटाच्या चमूने कुणालाही परवाना विकत घेऊन खेळ लावता येईल अशी व्यवस्था केली. परवान्याचे शुल्क आयोजक कोण आणि प्रेक्षक किती यावरून ठरत असे, आणि खेळातून झालेला नफा आयोजकाला ठेवता येत असे. त्यामुळे खेळ लावणाऱ्याला स्वतःहून प्रेक्षक जमवण्याचे कारण मिळाले, आणि चित्रपटाच्या चमूला प्रत्येक ठिकाणी जावे लागले नाही. मोठी संस्था, छोटी संघटना आणि शाळा यांच्यासाठी वेगवेगळे शुल्क ठेवणे हा आजही कुणालाही वापरता येण्याजोगा मार्ग आहे.

खेळाच्या दिवशी उद्भवणारे तांत्रिक दोष

सबटायटल सुरुवातीला बरोबर असतात आणि हळूहळू संवादाच्या पुढे पळू लागतात, ही तक्रार नेहमीची आहे. तिचे कारण बहुधा फ्रेमदरात असते. चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने संकलित झाला आणि चित्रपटगृहासाठीची डीसीपी प्रत २४ फ्रेमने चालवून तयार केली, तर तो संथ होऊन ८० मिनिटांचा ८३ मिनिटे २० सेकंदांचा होतो. सबटायटलची फाइल जुन्याच वेळांवर राहिली, तर दहाव्या मिनिटाचे वाक्य २५ सेकंद आधी दिसते आणि शेवटचे तीन मिनिटांहून अधिक आधी. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखाच असेल, तर मात्र दोष फ्रेमदराचा नाही; फाइलचा आरंभबिंदू आणि चित्रपटाचा आरंभबिंदू जुळलेले नसतात, आणि सगळ्या वेळा तेवढ्याच अंतराने सरकवल्या की काम होते. अक्षरांच्या जागी चौकोन किंवा निरर्थक चिन्हे दिसत असतील, तर फाइल यूटीएफ-८ या स्वरूपात पुन्हा जतन करावी आणि त्या लिपीचा फॉन्ट उपलब्ध आहे का ते पाहावे.

सबटायटल चित्रावर कायमचे छापलेली एकच प्रत ठेवणे ही आणखी एक चूक. अक्षरविरहित मूळ प्रत आणि प्रत्येक भाषेची स्वतंत्र फाइल जपली, तर नवी भाषा जोडणे काही दिवसांचे काम राहते. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी आवाजांचा उल्लेख असलेली वेगळी फाइलही त्यासोबत असावी.

आवाजाकडेही तितकेच लक्ष हवे. चित्रपटगृहासाठीच्या ध्वनिमिश्रणात हलक्या आणि मोठ्या आवाजांतले अंतर बरेच असते; तेच मिश्रण फोनवर ऐकले, की रात्रीच्या वॉर्डातली कुजबुज हरवते. दूरचित्रवाणीसाठी वेगळे मिश्रण लागतेच, कारण युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ या मानकात आवाजाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) ठरवलेली आहे. आणि कोणतीही प्रत खेळाच्या किमान एक दिवस आधी, त्याच सभागृहात, त्याच यंत्रावर, सुरुवात, मध्य आणि शेवट अशी चालवून पाहावी. केवळ पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानल्यास वर सांगितलेला सबटायटलचा दोष लक्षात येणार नाही.

प्रसिद्धीचे साहित्य

छायाचित्रे चित्रीकरणाच्या काळातच स्वतंत्र कॅमेऱ्याने काढून ठेवावीत. व्हिडिओतून उचललेली चौकट छापील अंकात बहुधा अस्पष्ट दिसते, आणि संपादक दुसरा विषय निवडतो. ट्रेलर दोन मिनिटांच्या आसपास असावा, त्यात शेवट उघड होऊ नये, आणि प्रेक्षकाला चित्रपट पाहण्याची जागा व तारीख सांगता येईल तेव्हाच तो प्रसृत करावा. ट्रेलर पाहून उत्सुक झालेल्या माणसाला ‘लवकरच’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो महिन्याभराने पुन्हा शोधत येईल अशी अपेक्षा करता येत नाही.

खेळ संपला की सगळे संपणे

चर्चा रंगते, लोक भारावून बाहेर पडतात, आणि त्यांच्यातल्या एकाशीही संपर्क ठेवण्याची सोय केलेली नसते. माझ्या मते प्रसारातले हे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे नुकसान आहे. नामावली पूर्ण होऊन दिवे लागताच, चर्चा सुरू होण्याआधी, एका व्यक्तीने दोन वाक्यांत सांगावे की हा चित्रपट आपल्या संस्थेत दाखवता येतो, आणि नाव व ईमेल लिहिण्याचा कागद रांगांतून फिरवावा. संमतीने मिळालेला हा पत्ता समाजमाध्यमावरच्या अनुयायापेक्षा अधिक टिकाऊ असतो, कारण तो संबंध दुसऱ्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून नसतो. खेळ लावू इच्छिणाऱ्याला लगेच पाठवता येईल असा संचही तयार असावा: भित्तिपत्रक, निमंत्रणाचा मसुदा, चर्चेसाठी पाच-सहा प्रश्न आणि तांत्रिक सूचनांचे एक पान.

चित्रपटातल्या माणसांना शेवटी आठवणे

ज्यांचे आयुष्य पडद्यावर आहे, त्यांना पूर्ण चित्रपट पहिल्या सार्वजनिक खेळाआधी दाखवलाच पाहिजे. प्रसार वाढतो तशी त्यांची जोखीमही वाढते: महोत्सवातल्या दोनशे प्रेक्षकांसमोर निरुपद्रवी असलेले वाक्य फोनवर पसरले, की त्या परिचारिकेची नोकरी धोक्यात येऊ शकते. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये झालेल्या हत्याकांडातल्या मारेकऱ्यांवरच्या ‘द अॅक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) या चित्रपटात तिथल्या अनेक सहकाऱ्यांची नावे सुरक्षिततेसाठी श्रेयनामावलीत ‘अनामिक’ अशी दिली आहेत, आणि त्या देशात सुरुवातीचे खेळ खासगी स्वरूपात झाले. प्रसाराची पद्धत माणसांच्या सुरक्षिततेवरून ठरवता येते, याचा तो ठोस दाखला आहे. ट्रेलर, भित्तिपत्रक आणि छोट्या चित्रफितींसाठीही त्यांची वेगळी संमती घ्यावी. संपूर्ण चित्रपटाला दिलेली संमती संदर्भातून काढलेल्या वीस सेकंदांना आपोआप लागू होते असे मानू नये.

इंटरनेटवर केव्हा आणि कसे आणायचे

महोत्सव, चित्रपटगृह किंवा सामुदायिक खेळ, वाहिनी, ओटीटी आणि शेवटी मुक्त उपलब्धता, हा क्रम अजूनही उपयोगी आहे, कारण आधीचा टप्पा नंतरच्या टप्प्यावर करता येत नाही. ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट जानेवारी २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात आला, उन्हाळ्यात चित्रपटगृहांत गेला आणि ऑक्टोबरमध्ये सीएनएनवर दाखवला गेला; दर टप्प्याला त्याला नवा प्रेक्षक मिळाला. प्रत्येक टप्प्याची तारीख करारांतल्या एकाधिकाराच्या कलमांशी ताडून पाहावी. एका वाहिनीच्या काळात दुसरीकडे चित्रपट खुला राहिला, तर करारभंग होतो.

करार संपण्याच्या तारखा दिनदर्शिकेत मुदतीच्या सहा महिने आधीच्या पानावर नोंदवाव्यात. मुदत संपल्यावर चित्रपट ओटीटीवरून उतरवल्याची लेखी खात्री घ्यावी, वितरकाकडून मूळ प्रत, सबटायटलच्या फाइल आणि खेळांची यादी परत मागावी, आणि संगीत व जुन्या चित्रफितींच्या परवान्यांची मुदत अजून शिल्लक आहे का ते हक्कांच्या तक्त्यात पाहून मगच तो सर्वांसाठी खुला करावा.