हवेची गळती कानाने नव्हे, अल्ट्रासोनिक डिटेक्टरने शोधताना

कॉम्प्रेसरच्या लाइनमधून ६-७ बार दाबाची हवा बारीक फटीतून सुटली की साधारण ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज होतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. डिटेक्टर तोच आवाज ऐकू येईल इतका खाली आणून हेडफोनमध्ये 'सूंऽऽ' असा ऐकवतो.

हेडफोन घालण्याआधी सेन्सिटिव्हिटी अगदी कमी ठेवा, नाहीतर कान बधिर होतील. मग हळूहळू वाढवत लाइनवरून फिरा. आवाज मोठा झाला की सेन्सिटिव्हिटी पुन्हा खाली आणा, तरच नेमकी जागा सापडते. शेवटी डिटेक्टरच्या तोंडाला रबरी नळी लावून क्विक कपलर (नळी झटकन जोडायची-काढायची जोडणी), क्लॅम्प आणि एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाऊल तपासा. गळती बहुधा तिथेच असते. शेजारच्या व्हॉल्व्हचा आवाज परावर्तित होऊन फसवतो, म्हणून मध्ये पुठ्ठा धरा. खूण करा आणि साबणाच्या पाण्याने खात्री करा. फिरत्या बेल्टजवळ हेडफोनची वायर लोंबकळू देऊ नका. दाब सोडल्याशिवाय कपलिंग आवळू नका.

हे यंत्र वायू ओळखत नाही. ज्वलनशील वायूजवळ स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित मॉडेलच न्या. घरच्या एलपीजीचा दाब जेमतेम ३० मिलिबार, त्यामुळे तिथे यंत्र गप्प राहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका.