प्रवाळासाठी अनुदान मागताना

प्रवाळभित्तीवर प्रवाळाचे तुकडे लावण्याचा प्रस्ताव हातात आला की मी आधी अंदाजपत्रक उघडते. रोपवाटिकेच्या दोऱ्या, डायव्हिंगचं साहित्य, बोटीचं इंधन, सगळं असतं. लावणीनंतरच्या देखरेखीची ओळच नसते. माझ्या मते प्रस्ताव तिथेच पडतो. लावलेले तुकडे जगले का, हे बघायला पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागतं, दोऱ्यांवरचं शेवाळ खरवडावं लागतं, प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी वेचाव्या लागतात. त्याचे पैसे आधीच मागा.

उष्णतेबद्दल आडपडदा ठेवू नका. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक प्रवाळ विरंजन (पाणी तापल्याने प्रवाळ पांढरं पडणं) जाहीर झालं, त्यामुळे परीक्षक हा प्रश्न विचारणारच. ‘नोआ’ या अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेच्या कोरल रीफ वॉचवर साचलेल्या उष्णतेचे, म्हणजे ‘डिग्री हीटिंग वीक’चे (पाणी किती अंश जास्त तापलं आणि किती आठवडे, याचे) आकडे फुकट मिळतात. हा आकडा 4 झाला की विरंजनाचा धोका, 8 पासून मोठ्या प्रमाणात प्रवाळ मरण्याचा. तुमच्या जागेचे आकडे द्या आणि हीच जागा का, ते सांगा. तिथे सांडपाणी किंवा गाळ येत असेल, तर आधी तो थांबवायला निधी मागा. गढूळ पाण्यात लावणी करणं मला अजिबात पटत नाही.

निधी कोणाचा, त्यावरही मांडणी बदलते. 2020 मध्ये सुरू झालेला ग्लोबल फंड फॉर कोरल रीफ्स प्रवाळाला पूरक ठरणाऱ्या व्यवसायांकडेही बघतो. काही योजनांत अनुदानाइतकाच वाटा स्वतः उभा करावा लागतो. स्वयंसेवकांचे तास त्यात धरता येतात का, हे नियमावलीत तपासा. पाण्यात काम करण्याचा परवाना मात्र अर्जाआधीच मागून ठेवा.