पीसी चालू होतो, पण स्क्रीन काळीच? रॅमच्या बाबतीत या चुका टाळा

पंखे फिरतायत, लाइट लागल्यात, पण मॉनिटरवर काहीच नाही. पहिल्यांदा पीसी जोडणारा माणूस अशा वेळी ठरवूनच टाकतो की रॅम खराब निघाली, आणि बॉक्स उचलून दुकान गाठतो. तसं करू नका. घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी मी जेवढे पीसी जोडले, त्यांत रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, खरोखर खराब क्वचितच निघाली. बाकी वेळा ती नीट बसलेली नव्हती, चुकीच्या स्लॉटमध्ये होती, नाहीतर घाई नडली होती.

डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम आल्यापासून घाईच जास्त नडते. माझ्या भाच्याने रायझन ७६०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड घेऊन पीसी जोडला. बटण दाबलं, बोर्डवर 'डीरॅम' लिहिलंय तिथला पिवळा दिवा लागला आणि पुढे काहीच होईना. मिनिटभर थांबून त्याने बंद केला, पुन्हा चालू केला. असं तीनदा. मग मला फोन, "मामा, रॅम गेली." मी म्हटलं, "आता चालू कर आणि हात लावू नकोस. चहा पिऊन ये." चहा संपायच्या आत बायोसची, म्हणजे बोर्डच्या सेटिंग्जची, स्क्रीन आली होती.

त्या वेळात बोर्ड 'मेमरी ट्रेनिंग' करत असतो. प्रोसेसर रॅमला वेगवेगळ्या टायमिंगने सिग्नल पाठवून बघतो, की डेटा बिनचूक नेमका कधी वाचता येतो. पहिल्यांदा याला काही मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल तर आणखी. मध्येच वीज तोडली की सगळं पहिल्यापासून. बायोस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावरही (म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज पुसल्यावरही) हे पुन्हा होतं, तेव्हा दचकू नका.

पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही, तर एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्विच बंद करा आणि स्टिक काढून परत बसवा. बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला उघडणारी क्लिप असते. क्लिपच्या बाजूने 'टक्' आवाज आला की काम झालं असं वाटतं, पण दुसरं, क्लिप नसलेलं टोक अर्धवट वर राहिलेलं असतं. डोळा बोर्डच्या पातळीवर आणून बघा: सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल तर स्टिक तिरकी आहे. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. जोर बराच लागतो, नवखा माणूस तिथेच घाबरून थांबतो. मात्र खाच जुळत नसेल तर अजिबात जोर लावू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे. इंटेल प्रोसेसरसाठीचे बी७६० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे खरेदीच्या वेळी पूर्ण नाव वाचा.

चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. शेजारी-शेजारी लावल्या तर पीसी बहुधा चालेल, पण सिंगल चॅनलवर, म्हणजे दोन्ही स्टिकचा डेटा एकाच मार्गाने जाईल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

खोडरबरने पिन घासायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. मला ती पटत नाही. सोन्याचा थर अगदी पातळ असतो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. जुनी, मळलेली स्टिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड वापरा.

६००० वेगाची रॅम घेतली आणि विंडोजचा टास्क मॅनेजर ४८०० दाखवतोय, म्हणजे फसवणूक झालेली नाही. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करावी लागते. ते केल्यावर पीसी अडखळू लागला तर ५६०० वर आणून बघा. आणि "पुढे आणखी दोन टाकू" असा विचार असेल तर आत्ताच मोठी जोडी घ्या. रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत वेग आहे, चार स्टिकवर तो ३६०० वर येतो.

एवढं करूनही अडलं तर एकावेळी एकच गोष्ट बदला. एक स्टिक ए२ मध्ये, मग त्याच जागी दुसरी. दोन्ही ए२ मध्ये चालतात आणि बी२ मध्ये एकही नाही, तर दोष रॅमचा नाही. प्रोसेसर नीट बसलाय का, सॉकेटमधली पिन वाकलीय का, कूलरचे स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळलेत का, ते बघा.

पीसी चालतो पण मध्येच निळी स्क्रीन येते, अशा वेळी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती सोडून देऊ नका. एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तरीही एकाच स्टिकवर, स्लॉट बदलूनही एरर येत असेल तर ती स्टिक खराब आहे. एररच्या स्क्रीनचा फोटो काढा, बिल घ्या, आणि जोडी घेतली असेल तर दोन्ही स्टिक घेऊन दुकानात जा.