इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना ग्राउंड रेंटचं कलम कसं वाचावं

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट बहुधा लीजहोल्डच असतो, म्हणजे लीजने (भाडेपट्ट्याने) ठराविक वर्षांसाठी घेतलेला. जमीन फ्रीहोल्डरची, आणि त्याला दरवर्षी द्यायचं भुईभाडं म्हणजे ग्राउंड रेंट. या पैशांत तुम्हाला काहीही मिळत नाही. जिना, छप्पर, लिफ्ट यांचा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये वेगळा लागतो. एजंट दोन्ही मिळून एकच आकडा सांगत असेल, तर आधी ते सुटे करून घ्या.

मग लीजची तारीख बघा. इमारतीची किंवा तुमच्या खरेदीची नव्हे, मूळ लीजची. 30 जून 2022 पासून दिलेल्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट शून्य असतं (निवृत्तांच्या घरांसाठी 1 एप्रिल 2023 पासून). जुना फ्लॅट रीसेलमध्ये घेतला, तर जुनी लीज आणि तिचं भाडं तुमच्या गळ्यात येतं.

आजच्या आकड्यावर भुलू नका. खरा घोळ वाढीच्या कलमात असतो. लँड रजिस्ट्रीतून लीजची प्रत मागवा आणि त्यातलं 'रेंट रिव्ह्यू' शोधा. नंतर लीजच्या अटी बदलणारं दुरुस्तीपत्र ('डीड ऑफ व्हेरिएशन') झालं असेल, तर तेही मागवा. 250 पाउंड दर 25 वर्षांनी दुप्पट होत असतील, तर 51व्या वर्षी 1000 होतात. तेच दर 10 वर्षांनी दुप्पट होत असतील, तर 51व्या वर्षी 8000! महागाई निर्देशांकाला, म्हणजे आरपीआयला, बांधलेलं कलम दिसायला सौम्य असतं, पण पुढचा आकडा कोणालाच माहीत नसतो. ग्राउंड रेंट किमतीच्या 0.1 टक्क्याहून जास्त असेल, तर अनेक बँका कर्ज देताना अडतात. 3 लाखांच्या फ्लॅटला ही रेघ 300 पाउंडांवर येते. बँक अडली की उद्या तुमचा गिऱ्हाईकही अडणार.

जुन्या लेखांत आणखी एक धोका वाचाल: भाडं 250 पाउंडांवर (लंडनमध्ये 1000 वर) गेलं, की 1988 च्या कायद्याने लीज साध्या भाडेकरारासारखी धरली जायची आणि थकबाकीवरून घर जाऊ शकायचं. 2025 च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने 21 वर्षांहून लांब लीज त्यातून वगळल्या.

कलम वाईट निघालं, तर 'डीड ऑफ व्हेरिएशन' करून ते बदलायला विक्रेत्याला सांगा, तेही त्याच्या खर्चाने आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे खरेदीचा करार पक्का होण्याच्या, आधी. एक्स्चेंज झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. दुसरा मार्ग लीज वाढवण्याचा. 1993 च्या कायद्याने उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर पडते आणि भाडं शून्य होतं. त्यासाठी फ्रीहोल्डरला एकरकमी मोबदला, म्हणजे प्रीमियम, मात्र भरावा लागतो. आधी दोन वर्षं मालकी हवी ही अट 31 जानेवारी 2025 ला गेली. फ्रीहोल्डर 'आपसात वाढवून देतो' म्हणाला, तर सावध राहा: त्यात उरलेल्या जुन्या मुदतीपुरतं जुनं भाडं तसंच चालू ठेवता येतं.

कम्प्लीशनआधी, म्हणजे पैसे देऊन ताबा घेण्याआधी, सॉलिसिटरकडून ग्राउंड रेंटची शेवटची पावती मागा, कारण थकबाकी लीजबरोबर येते. नंतर फ्रीहोल्डरला हस्तांतराची नोटीस गेली का, तेही विचारा. नाहीतर मागणीपत्रं जुन्या मालकाच्या नावाने जात राहतात. ठराविक नमुन्यातलं मागणीपत्र आल्याशिवाय ग्राउंड रेंट देय होत नाही, आणि त्यातली भरण्याची तारीख नोटिशीपासून 30 ते 60 दिवसांत असावी लागते.