डीएनएची रचना आणि प्रतिकृतीकरण: या चुका टाळा

आकृती सुबक असते, ए-टी आणि जी-सी या बेसच्या जोड्याही बरोबर असतात, तरी उत्तर चुकतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: धाग्यांच्या टोकांना ५′ (फॉस्फेटचं टोक) आणि ३′ (हायड्रॉक्सिलचं टोक) लिहिलेलं नसतं. डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी असतात. त्यामुळे आधी चारही टोकांना खुणा करा, मगच आत काही भरा.

५′-ए टी जी सी सी-३′ या धाग्याचा पूरक धागा अनेकजण नुसता ‘टी ए सी जी जी’ असा लिहितात. अक्षरं बरोबर आहेत, पण तो ३′ टोकापासून लिहिलाय. टोकं दिली नाहीत की वाचणारा ५′ पासूनच सुरुवात धरतो. म्हणून ५′-जी जी सी ए टी-३′ असं लिहा. प्रयोगशाळेत पीसीआरचा (डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राचा) प्राइमर, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारा छोटा तुकडा, असा उलटा मागवला, तर जेलवर अपेक्षित पट्टा मिळत नाही. पेशीतला प्राइमर मात्र आरएनएचा असतो. त्याचा क्रम विचारला तर टीच्या जागी यू हवा.

पॉलिमरेज म्हणजे नवा धागा बांधणारा विकर (एन्झाइम). ‘पॉलिमरेज ३′ ते ५′ जातो’ हे वाक्य अर्धवट आहे. जुना साचा ३′ ते ५′ वाचला जातो, नवा धागा ५′ ते ३′ वाढतो. दिशा कशाची ते लिहाच. यामागचं कारण समजलं की पाठांतर लागत नाही. येणारा न्यूक्लिओटाइड जोडणीची ऊर्जा स्वतःच्या तीन फॉस्फेटांमधून आणतो आणि वाढत्या धाग्याच्या ३′ हायड्रॉक्सिलला जुळतो. चुकीचा न्यूक्लिओटाइड कापून टाकला तरी ते हायड्रॉक्सिल शिल्लक राहतं, काम पुढे चालू राहतं. वाढ उलट दिशेने असती, तर ऊर्जा देणारे फॉस्फेट धाग्याच्या टोकावर असते आणि दुरुस्तीत तेही गेले असते.

दोन जुने धागे जिथे उलगडत जातात तो फोर्क. सलग बनणाऱ्या लीडिंग धाग्याचा बाण फोर्ककडे, दुसरा नवा धागा ज्या तुकड्यांनी बनतो त्या ओकाझाकी तुकड्यांचे बाण फोर्कपासून दूर. प्रत्येक तुकड्याचा प्राइमर त्याच्या ५′ टोकाला असतो आणि सर्वांत नवा तुकडा फोर्कच्या सर्वांत जवळ. हे तुकडे जिवाणूंत साधारण १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइडांचे, दृश्यकेंद्रकी पेशींत १०० ते २०० चे. पूर्ण बुडबुडा (आरंभबिंदूपासून दोन्ही बाजूंना उघडलेला भाग) काढताना हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे वरचा धागा सलग आणि खालचा तुकड्यांचा दाखवणं. आरंभबिंदूच्या एका बाजूला जो साचा सलग उतरतो, तोच दुसऱ्या बाजूला तुकड्यांनी उतरतो.

विकरांची कामंही सरमिसळ होतात. हेलिकेज दोन धाग्यांमधले हायड्रोजन बंध सोडवतो, धागा कापत नाही. फोर्कच्या पुढचा पीळ कमी करायला धागा तात्पुरता कापून पुन्हा जोडतो तो टोपोआयसोमरेज. लायगेज रिकामी जागा भरत नाही; जिवाणूंत पॉलिमरेज १ प्राइमर काढून ती भरतो, आणि उरलेला शेवटचा फॉस्फोडायएस्टर बंध लायगेज जोडतो.

आता गणितं. दुहेरी डीएनएत ए ३० टक्के, तर टी ३०, जी आणि सी प्रत्येकी २०. गणितात ए ३० आणि टी २० दिलं असेल, तर डीएनए एकेरी आहे. तिथे चारगाफचा नियम (ए = टी, जी = सी) लावू नका.

मेसेल्सन आणि स्टाल यांच्या १९५८ च्या प्रयोगावरच्या गणितात रेणू मोजायचे की धागे, हे आधी ठरवा. जड नायट्रोजनात वाढलेल्या जिवाणूंच्या डीएनएचा एक रेणू हलक्या नायट्रोजनाच्या माध्यमात तीन पिढ्या वाढला की ८ रेणू होतात. त्यांत २ संकरित (एक धागा जड, एक हलका), ६ हलके, पूर्ण जड एकही नाही. संकरित रेणू २५ टक्के. १२.५ टक्के उत्तर आलं असेल, तर १६ पैकी २ जड धागे मोजले गेलेत.

तसंच एस अवस्थेनंतर (डीएनएची प्रत बनण्याच्या टप्प्यानंतर) माणसाच्या पेशीतला डीएनए दुप्पट होतो, पण गुणसूत्रं ४६ च राहतात, कारण दोन्ही क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या दोन प्रती) अजून एकाच सेंट्रोमिअरला, म्हणजे जोडबिंदूला, जोडलेली असतात.